सव्वातासराव

कारखान्याच्या गेटवर, टपरीवर किंवा लग्नाच्या पंगतीत सव्वातासराव ओळखायला कष्ट पडत नाहीत. कुणी ‘नागपूर’ म्हणायचा अवकाश, की उत्तर तयार: ‘नागपूर? सव्वा तास!’ दिल्ली त्यांच्या लेखी दोन तास, बंगळूर दीड. पुण्याजवळच्या सणसवाडीत औद्योगिक वसाहत उभी राहिली, कंपनीच्या कामाने माणसं परगावी उडू लागली आणि ही जात फोफावली. लोक त्यांना फुशारकी मारणारे म्हणतात, ते मला पटत नाही. फुशारकीच मारायची तर माणूस तिकिटाचा आकडा सांगेल. हे फक्त वेळ सांगतात, आणि तीही बरीचशी खरी. पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने भागलं तर पाऊण तास येतो. पण वेळापत्रकात विमान जागचं हलल्यापासून परत जागेवर थांबेपर्यंतचा हिशेब असतो. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं सगळं त्यातच. म्हणून सव्वा ते दीड तास. पाऊण तास सांगायची सोय असूनही ते सव्वा सांगतात, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. (थंडीत पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर नागपूर आणखी लवकर येतं. परतताना तोच वारा तोंडावर येतो, पण परतीचा आकडा ते सांगत नाहीत.)

घोटाळा आहे तो लोहगाव विमानतळाच्या अलीकडे. सणसवाडीपासून विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. विमानाच्या वेगाने जेमतेम दोन मिनिटं. पण कोरेगाव भीमा, पेरणे फाटा, लोणीकंद आणि मग वाघोली ओलांडायची म्हणजे विमानाचा वेग कामाचा नाही, नशीब लागतं. त्यात नकाशावर लोहगाव ते नागपूर सरळ रेघ ओढून पाहा, ती सणसवाडीला जवळजवळ खेटूनच जाते. म्हणजे हा गृहस्थ नागपूरकडे पाठ करून निघतो, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोचतो, आणि विमान रेघेवरून गेलंच तर ज्या घरातून पहाटे निघाला त्याच्याच आसपास वरून परत येतो. त्याच्या सव्वा तासातली हवेतली तोवर चार-पाच मिनिटंच झालेली असतात.

यावर कुणी म्हणेल, मग नगर रस्त्यावरून जाणारी ट्रॅव्हल्स का धरत नाही? कारण ती अख्खी रात्र खाते. घर ते हॉटेल धरूनही विमान निम्म्या वेळात पोचवतं. तेव्हा सव्वातासरावांचा निर्णय चुकलेला नाही, फक्त बेरीज अर्धी आहे. आणि ती मुद्दाम अर्धी ठेवलेली नसावी, असं मला वाटतं. आकाशातल्या वेळेची जबाबदारी कुणीतरी घेतं, तिकिटावर ती छापून देतं. वाघोलीची वेळ छापायला कोण धजणार? रस्त्याने रोज हाल होणारा माणूस ज्या एका आकड्यावर भरवसा ठेवता येतो, तो घट्ट धरून बसतो. पूर्वी नाही का, एस.टी. कधी येईल हे कुणी सांगत नसे, पण ‘बसलं की शिरूर तासाभरात’ हे सगळेच सांगत.

म्हणून परतीच्या दिवशी लोहगावला चाकं टेकली की सव्वातासराव घरी फोन करतात, ‘पोचलोच!’ पलीकडे कुकर लावायची घाई कुणी करत नाही. पेरणे फाट्यावरून दुसरा फोन येतो, मग तांदूळ धुतात.