श्री. नवंजुनंसाहेब यांस, मार्चअखेरच्या शुभेच्छांसह

प्रति,
श्री. नवंजुनंसाहेब,
मुक्काम कर्जखात्याची वही,
कोणतीही सेवा सहकारी सोसायटी, जि. बुलढाणा.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल जाहीर आभार मानण्याबाबत.

साहेब, स.न.वि.वि.

हरभरा घरात येतो, भाव पडतो आणि त्याच सुमाराला सोसायटीचा सचिव दारात येऊन उभा राहतो. "भाऊ, एकतीसच्या आत तेवढं नवंजुनं करून घ्या." कर्ज भरा, असं तो म्हणत नाही. भरायला पैसे नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून बिचारा तुमचं नाव घेतो. मेहकरपासून जळगाव जामोदपर्यंत तुम्हाला न ओळखणारा खातेदार दाखवा, मी पत्र मागे घेतो. आमदार-खासदारांना दर पाच वर्षांनी ओळख करून द्यावी लागते. तुम्हाला तेवढीही गरज नाही.

शहरातल्या वाचकांना तुमची थोरवी कळावी म्हणून कार्यपद्धती सांगतो. समजा, गेल्या हंगामाचं पीक कर्ज आहे एक लाख. ते ३१ मार्चच्या आत फिटलेलं दिसलं पाहिजे. शेतकरी मग अडत्याकडून, पाहुण्याकडून, नाहीतर सरळ खासगी सावकाराकडून आठ-दहा दिवसांच्या बोलीवर लाख रुपये उचलतो. शेकडा किती, ते त्याची नड बघून ठरतं. पैसे बँकेत भरले जातात, पावती फाटते, खातं निल होतं. एप्रिलात तेवढंच नवं कर्ज मंजूर होतं आणि ती रक्कम घडीसुद्धा न मोडता सावकाराकडे परत जाते. बँकेच्या साहेबांची सही चार दिवस लांबली तर सावकाराचं मीटर चार दिवस जास्त पळतं. या सगळ्या फिरण्यात बियाण्याला एक रुपया मिळत नाही, खताला मिळत नाही. पेरणी पुन्हा उसनवारीवर. आणि पैशांना एवढा प्रवास घडवायचाही कंटाळा आला, तर एकाच टेबलावर एक भरणा स्लिप आणि एक उचल स्लिप भरली की काम होतं. रोकड तिजोरीत झोपलेली राहते.

वर गंमत अशी, की हे सगळं सवलतीसाठी चालतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची भर पडून २०२१ पासून व्याज शून्यावर येतं. म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज हातचं जाऊ नये म्हणून आमचा माणूस सावकाराला शेकड्यानं व्याज मोजतो! पंजाबरावांनी शेतकऱ्यासाठी उभं आयुष्य वेचलं. त्यांच्या नावाच्या योजनेला तुमच्यासारखा पाहुणा लाभेल असं त्यांना वाटलं नसावं.

तुमचा खरा हातखंडा मात्र ताळेबंदात दिसतो. भरलेले लाख वसुलीत धरले जातात आणि उचललेले लाख वाटपात. वसुलीची टक्केवारी वाढली, कर्जवाटपाचं उद्दिष्टही गाठलं. एकाच नोटेवर दोन सत्कार झाले, दोन शाली निघाल्या. आमच्याकडे भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. अठरा धान्यं आणि घागर उघड्या शेतात मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांदेखत भाकीत सांगतात. भाकीत खरं ठरो, खोटं ठरो, मांडणी निदान उघड्यावर असते. तुमची मांडणी त्याच्या थोडी आधी होते, दार लावून होते, आणि तिचं भाकीत दरवर्षी एकच असतं : बँकेची परिस्थिती समाधानकारक आहे.

लहान शेतकऱ्याचं काम तुम्ही सदऱ्यात करता, मोठ्या संस्थेचं कोट घालून. तिथे तुमचं नाव पुनर्रचना किंवा मुदतवाढ. फार तर 'खास बाब'. व्याज आलं नाही तर ते मुद्दलात मिसळायचं आणि नवी मुदत द्यायची. चौदा टक्क्यांनी एक कोटी रुपये असे पाच वर्षं फिरवले की कागदावर एक कोटी ब्याण्णव लाख होतात. तिजोरीत दमडी आलेली नसते, पण व्याज मात्र उत्पन्नात मोजलेलं असतं. त्यातून नफा निघतो, नफ्यातून लाभांश, आणि लाभांश पाहून सभासद टाळ्या वाजवतात. १९९६-९७ पासून जिल्हा बँकांना अनुत्पादक कर्जाचे नियम लागू झाले आणि न आलेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवायला बंदी आली. तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण तुम्ही खचला नाहीत. कर्ज थकलेलंच दिसू दिलं नाही, म्हणजे नियम लावायचा कुणाला?

आता २०१२ ची आठवण काढतो, राग मानू नका. बँकिंग कायदा सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू आहे. तरी देशातल्या बहुतेक जिल्हा बँका कित्येक दशकं परवान्याशिवाय चालल्या. शेवटी रिझर्व्ह बँकेने मुदत घातली : भांडवल पर्याप्तता निदान चार टक्के दाखवा, नाहीतर परवाना विसरा. मुदतीची तारीख कोणती असावी? ३१ मार्च २०१२! तुमचा सणाचा दिवस. आयुष्यभर त्याच तारखेसाठी राबलात, आणि नेमकं त्याच तारखेला तुम्ही कामी आला नाहीत. चार टक्के स्वतःचं भांडवल स्लिपा फिरवून उभं राहत नाही, त्याला खरे पैसे लागतात. मे २०१२ मध्ये नागपूर, वर्धा आणि आमची बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. निर्बंध आले, ठेवी घेणं थांबलं.

हे सगळं श्रेय तुम्हाला एकट्याला दिलं तर इतरांवर अन्याय होईल, हे मला समजतं. नागपूर आणि वर्धा बँकांनी २००२ मध्ये होम ट्रेड नावाच्या दलालामार्फत सरकारी रोखे घेतले. रोखे आले नाहीत, पैसेही परतले नाहीत. त्या पराक्रमात तुम्ही नव्हता. प्रत्येक बुडालेल्या बँकेत वशिला असतो, शिफारशीची चिठ्ठी असते, जावई असतो. तुमचं काम वेगळं : या साऱ्यांनी केलेली घाण दरवर्षी एका रात्रीत सारवून देणं. माशी बसायच्या आत सारवण वाळलेलं असायचं, हे मान्य करायला हवं.

बिल कुणी भरलं, तेही सांगतो. ५ नोव्हेंबर २०१४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने चार राज्यांतल्या परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५.४२ कोटींची योजना मंजूर केली. त्यात राज्य सरकारांचा वाटा १,४६४.५९ कोटी, केंद्राचा ६७३.२९ कोटी आणि नाबार्डचा २३७.५४ कोटी. महाराष्ट्रातल्या तीन बँका त्या यादीत होत्या आणि त्यांतली एक आमची. तुम्ही इतकी वर्षं जिथे फुकट राहिलात, त्या घराचं भाडं करदात्याने भरलं. त्यात लोणारचा शिक्षक आला, मलकापूरचा दुकानदार आला आणि पार्ल्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, सोसायटी म्हटलं की फक्त पार्किंग आठवणारा गृहस्थही आला.

पण साहेब, पैशापेक्षा मला तुमच्या दुसऱ्या कर्तृत्वाचं जास्त कौतुक आहे. ते माणसांवरचं.

गटसचिव घ्या. त्याच्या गळ्यात एक-दोन नव्हे, कितीतरी गावं. त्याचा पगार सोसायट्यांच्या उलाढालीतून, व्याजातल्या चार पैशांच्या फरकातून निघायचा. बँक अडचणीत आली की सर्वांत आधी त्याचा पगार अडतो. वरून विचारणा एकच : टक्केवारी किती झाली? आता दोन सचिव डोळ्यांपुढे आणा. एक खरं सांगतो, की नदीकाठच्या चार गावांत सोयाबीन पाण्यात गेलं, निम्मे लोक यंदा भरू शकत नाहीत, त्यांना आत्ताच हप्ते पाडून द्या. दुसरा काहीच बोलत नाही, चार अडत्यांना फोन करतो आणि तीस तारखेच्या रात्री सगळी खाती निल करून देतो. पहिल्याला कारणे दाखवा नोटीस, दुसऱ्याला वार्षिक सभेत नारळ. असं पाच वर्षं चाललं की पहिला एकतर दुसऱ्यासारखा होतो नाहीतर नोकरी सोडतो. कुणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, खारपाणपट्ट्यात कोणतं पीक तग धरतं, कुणाचा पोरगा खामगावला कामाला लागला म्हणजे घर सावरेल, हे सगळं ज्याला तोंडपाठ होतं तो माणूस संस्थेतून गेला. उरले ते स्लिपा भरण्यात वाकबगार. मग व्यवस्थापन तक्रार करतं की कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता घसरली. काऊन बाप्पा, त्यांना तर तुम्ही उत्कृष्ट प्रशिक्षण दिलं आहे!

शेतकऱ्यावर तर तुमची माया फारच. २०१७ च्या कर्जमाफीत ३० जून २०१६ ला थकबाकीदार असलेल्यांचं दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ झालं. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंत सुटलं. ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून सावकाराकडून उचलून खातं चालू ठेवलं, ते त्या तारखांना थकबाकीदार नव्हतेच! त्यांच्या वाट्याला प्रोत्साहनाची रक्कम आली, पहिल्या वेळी जास्तीत जास्त २५ हजार. शेजारचा सुटला आणि हा सावकाराचं व्याज फेडत बसला. पुढच्या वर्षी यानेही भरायचं सोडलं तर त्याला बेइमान कोणत्या तोंडाने म्हणायचं? चुकीच्या माणसाला बक्षीस देऊन बँकेचा कर्मचारी तुम्ही बिघडवला होताच. तोच धडा तुम्ही खातेदारालाही शिकवलात.

या जिल्ह्यात दुसरी रीत कुणाला सुचली नाही असंही नाही. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी इथेच बुलडाणा अर्बन पतसंस्था काढली, आणि तिच्या वाढीत गोदामातल्या धान्यावरच्या तारण कर्जाचा मोठा हात राहिला. पोतं गोदामात, त्याची पावती तारण, भाव आला की विक्री आणि कर्जाची फेड. तिथे तारखेपेक्षा पोत्याला महत्त्व, म्हणून तुम्हाला शिरायला फट कमी. (पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखा पाच लाखांचा विमा नसतो, हे ठेवीदाराने विसरू नये. कौतुक करताना एवढी पाचर मारून ठेवतो.)

तुम्ही फक्त गावंढळ आहात असा आरोपही मी करणार नाही. नव्वदच्या दशकात जपानच्या बड्या बँकांनी मेलेल्या कंपन्यांना नवी कर्जं देऊन जिवंत दाखवलं, तो तुमचाच परदेशी भाऊबंद. इथे रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या बँकांची पुस्तकं नव्याने तपासली. त्याआधी जी कर्जं ठणठणीत होती त्यांची अशी काही रांग लागली, की मार्च २०१८ ला व्यापारी बँकांचं अनुत्पादक कर्ज ११.२ टक्क्यांवर गेलं. टाय लावलेले तुमचे नातेवाईक तिथेही निघाले. फरक एवढाच, की तिथल्या कर्जदाराला सावकाराच्या ओट्यावर बसावं लागत नाही.

आमच्या बँकेला पुढे परवाना मिळाला, शाखा उघड्या आहेत. तुम्ही निवृत्त झालात असं काही कानावर आलेलं नाही. म्हणून यंदा तुमच्या सत्काराऐवजी वाचकांकडेच एक मागणी करतो.

गावच्या सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. चहा-चिवड्याआधी उठा आणि दोन आकडे मागा : मार्च महिन्यात वसुली किती झाली, आणि त्यातली किती रक्कम ३० एप्रिलपर्यंत त्याच खात्यांवर पुन्हा उचल म्हणून गेली? दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. सोसायटीचा जो प्रतिनिधी जिल्हा बँकेच्या सभेला जातो, त्याच्या हाती हाच प्रश्न साऱ्या जिल्ह्यासाठी द्या. कुणाचं नाव विचारू नका, कुणाचं खातं उघडं पाडू नका, फक्त बेरीज मागा. आणि सचिव उत्तर देताना अडखळला तर त्याच्यावर ओरडू नका. त्याचा पगार किती महिन्यांचा थकलाय, तेही त्याच सभेत विचारून घ्या.

आपला,
सोसायटीचा एक चालू खातेदार