सुवास, सॉस आणि संयम

चार माणसं जेवायला बोलावली आहेत, तेव्हा अंगाला स्वतःचा असा सुगंध हवा आणि ताटात घरचा व्हाइट सॉस पास्ता हवा, असा निश्चय ज्यांनी केला आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी खिचडी टाकून, पावडर लावून स्वस्थ बसावं. त्यातही सुख आहे.

सुगंधाला घाई चालत नाही. दुकानातला मुलगा कागदाची पट्टी नाकाशी धरेल. तिच्यावर भिस्त ठेवू नये. पट्टीला घाम येत नाही, आपल्याला येतो. फवारा मनगटावर घ्यावा, मनगटं काडेपेटीसारखी घासू नयेत, आणि सरळ बाहेर पडून चहा प्यावा. सुरुवातीचा लिंबू-संत्र्याचा घमघमाट दहा-पंधरा मिनिटांत उडतो. चंदन, वाळा असले जड वास तासाभराने वर येतात, आणि घरी राहायला येणार आहेत ते हेच. चौथ्या बाटलीनंतर नाक संप पुकारतं. मग कॉफीच्या बिया हुंगायला देतात. हुंगाव्यात, फुकट असतात; पण आपल्याच शर्टाची बाही हुंगूनही तेवढंच साधतं.

फवाऱ्याचं वावडं असेल तर अत्तर. कनौजला तांब्याच्या डेगेतल्या फुलांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात. चंदन महागल्यापासून पुष्कळदा ते तेल दुसरंच असतं, हे विक्रेता आपणहून सांगत नाही, तेव्हा विचारावं. कानात फाया ठेवणाऱ्या आजोबांची रीत मला सर्वांत सभ्य वाटते: जो जवळ येईल त्यालाच कळतं. आपण उतरून गेल्यावरही लिफ्टमध्ये जो वास उरतो, तो सोसायटीच्या सभेत निघतो.

आता पास्ता. रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओचा जगप्रसिद्ध पास्ता लोणी आणि पार्मेझान चीज एवढ्यावरच भागायचा. क्रीम त्यात अमेरिकेने ओतलं. पार्मेझान खिशाला झेपत नसेल तर आपला व्हाइट सॉस करावा. लसूण लोण्यावर परतून बाजूला काढावा. त्याच लोण्यात, दोन चमचे तरी हवं, तेवढाच मैदा मंद आचेवर भाजावा. कच्चा वास जावा, रंग मात्र बदलू नये. मग दोन कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहावं. गुठळ्या झाल्याच तर घरातल्या ज्येष्ठांना न बोलावता रवी फिरवावी. लसूण परत घालावा. श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ वरून किसावं. इटलीतही या सॉसमध्ये तेच पडतं, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नये.

पास्त्याच्या पाण्यात लिटरला दहा ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी तो उपसावा आणि वाटीभर पाणी राखून ठेवावं. त्या पाण्याने सॉस सैल होतो, पण त्यातल्या स्टार्चमुळे फुटत नाही. आणि पास्ता थांबत नाही. आपल्याकडे उलटं चालतं: परफ्यूम पाच मिनिटांत घेतात आणि पास्ता मालिका संपेपर्यंत झाकून ठेवतात. मग त्याच्या वड्या पाडता येतात.

क्रमाचा पेच उरतो, कारण लसणापुढे कुठलंच अत्तर टिकत नाही. म्हणून सॉस आधी उरकावा, मग आंघोळ, मग सुगंध, आणि पाहुणे दारात चपला काढू लागले की पास्ता पाण्यात सोडावा. आत येताच कुणी ‘वा, काय छान वास येतोय’ म्हणालं, तर कशाचा ते विचारू नये.