कॅप्टनसाहेबांचे पौंड

"अगं, ती देणग्यांसाठी धावणारीची लिंक तूच टाकलीस ना ग्रुपवर?" काकूंनी कपडे वाळत घालता घालता कुंपणापलीकडून विचारलं. नोव्हेंबरात बाहेर कपडे वाळत घालणारं बेडफर्डमधलं हे बहुधा एकमेव घर.

"हो काकू. आमच्या वॉर्डातलीच नर्स आहे. दिलेत काही?"

"छे बाई! कॅप्टन टॉमच्या फाउंडेशनवरचा चौकशी अहवाल वाचल्यापासून हात आखडलाय माझा."

कॅप्टन टॉमचं गाव मार्स्टन मोरटेन इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा विषय काकूंना घरचाच.

"एप्रिल 2020 आठव. शंभरीला टेकलेला म्हातारा, हातात वॉकर, 25 मीटरच्या अंगणात 100 फेऱ्या. मागितले हजार पौंड, जमले सव्वातीन कोटींच्या वर! दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात, ब्रह्मदेशात होता ना, म्हणून ह्यांना तर तो आपल्यातलाच वाटायचा. मी 20 पौंड दिले. शेवटी कोविडनेच गेला बिचारा. आणि मागे लेकीने काय केलं? फाउंडेशनच्या नावाने इमारतीची परवानगी काढली नि बांधला स्पा! कौन्सिलने पाडायला लावला तेव्हा पाडला. पुस्तकांचे जवळपास 15 लाख पौंड घरच्यांच्या कंपनीत गेले."

"घरचे म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला."

"म्हणणारच."

"पण काकू, तुमचे 20 पौंड स्पात नाही गेले. फेऱ्यांचे पैसे एनएचएस चॅरिटीज टुगेदरला गेले, तिथून हॉस्पिटलांच्या चॅरिट्यांना. चॅरिटी कमिशनने चौकशी केली ती नंतर निघालेल्या फाउंडेशनची."

काकूंच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"असं होय? पण नाव दोन्हीकडे त्याचंच ना! देणारा काय ट्रस्टची कागदपत्रं वाचून देतो? माणसाचं तोंड बघून देतो."

इथे मी गप्प बसले. खरं होतं ते.

"बरं, तुमच्या पदरात काय पडलं त्यातलं?"

"विश्रांतीच्या खोल्या, समुपदेशन, पेशंटना घरच्यांशी बोलायला टॅब्लेट. पगार चॅरिटीतून नसतो हो होत."

"तो सरकारने द्यायचा! आणि सरकार मार्च 2021 मध्ये काय म्हणालं? नर्सना 1 टक्का वाढ!"

"शेवटी 3 दिले."

"वरचे 2 आमच्या पातेल्यांचे. लॉकडाऊनमध्ये तुमच्यासाठी दर गुरुवारी रात्री आठला बडवत होतो." काकू स्वतःच हसल्या, मग एकदम कामाचं बोलल्या, "ह्या पोरीचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार? तिच्या की हॉस्पिटलच्या?"

"हॉस्पिटलच्या चॅरिटीच्या. पानावर नोंदणी क्रमांक आहे. कमिशनच्या साइटवर टाकला की मागचे हिशेब दिसतात."

"टाक मग आत्ता. थांब, चष्मा आणते." दारातून त्यांनी मागे वळून बजावलं, "आणि हे बघ, या वेळी 10 च देणार. तेही हिशेब वाचून झाल्यावर!"