मुक्काम पोस्ट तिसरा मजला

आमच्या महापालिकेत करिअर बदलायला नोकरी सोडावी लागत नाही, जिना चढला तरी भागतं. मी तळमजल्यावरच्या करआकारणी व करसंकलन विभागातून तिसऱ्या मजल्यावरच्या जन्म-मृत्यू नोंदणी कक्षात गेले. पगार तोच, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक तोच, डबा खायची वेळही तीच. तरी तळमजल्याने मला शाल-श्रीफळ देऊन रीतसर निरोप दिला. भाषणं झाली. "ताई, आम्हाला विसरू नका," म्हणताना आमच्या हेडक्लार्कचा गळा दाटून आला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चहाच्या टपरीवर आम्ही समोरासमोर आलो, तेव्हा दोघांनाही काय बोलावं सुचेना.

बदली विनंतीची होती. अर्जात कारण लिहिलं 'गुडघेदुखी', आणि त्यावर प्रशासनाने सहानुभूतीपूर्वक विचार करून तिसरा मजला मंजूर केला. लिफ्ट गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. कर भरायची खिडकी तळमजल्यावर आणि जन्माच्या दाखल्याची तिसऱ्यावर, यावरून नागरिकाने काय ते ओळखावं.

गुडघे दुखत होते हे खोटं नाही, पण खरं कारण कुत्री. वसुलीची नोकरी ज्यांनी केलेली नाही त्यांना ते कळायचं नाही. मार्च उजाडला की आम्ही बिलं आणि जप्तीच्या नोटिसा घेऊन दारोदार. बेल वाजवली की आतला टीव्ही गप्प होतो. दारात चपलांचे पाच जोड असतात आणि घरात कोणी नसतं, बोलतं फक्त कुत्रं. बरं, थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते हे माणसाला माहीत नसतं असं नाही, पण 'अभय योजना यंदा कधी?' हे त्याला आयुक्तांच्या आधी माहीत असतं. एका वर्षी वरून फर्मान निघालं, बड्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवा, म्हणजे लाजेकाजेस्तव तरी पैसे भरतील. वाजवला. थकबाकीदार शांतपणे बाहेर आले, दोन गाणी पूर्ण ऐकली आणि मुलीच्या लग्नासाठी बँडवाल्याचा नंबर घेऊन आत गेले.

तेव्हा ठरवलं, आता पुरे.

पण माणूस जितक्या सहज बदलतो तितक्या सहज खुर्ची बदलत नाही. माझ्या खुर्चीला डाव्या हाताला जरा झोल होता, बैठकीला मी घरून आणलेली उशी बांधली होती, आणि इतक्या वर्षांत ती माझ्या पाठीला सरावली होती. शिपाईमामांना म्हटलं, एवढी वर पोचवा. मामांनी खुर्ची उलटी करून पाठीवरचा पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांक दाखवला. "मॅडम, ही कराच्या डेडस्टॉकला आहे. तुमची बदली झाली, हिची नाही." आयुक्तांच्या सहीने मी कार्यमुक्त झाले होते. खुर्ची अजून खालीच सेवेत आहे. उशी मात्र सोडवून आणली.

वर चार्ज घेतला. आधीच्या लिपिकबाईंनी सहा गठ्ठा पद्धतीने दप्तर लावलं होतं, त्यातला प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा बाकीच्या पाचांवर बसला होता. कायम जपायची रजिस्टरं लाल फडक्यात. ती मी उघडून बघते, वेळ मिळाला की. जुन्या पानांवर दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ओळीने येतात. आधीची मुलं दगावलेली असायची, म्हणून या पोराकडे मृत्यूचं लक्ष जाऊ नये अशी नावं. काही ठिकाणी तर नावच नाही, नुसतं 'मुलगी', आणि पुढे बापाचं नाव. ती 'मुलगी' आता कुणाची तरी पणजी असते, आणि पणतू खिडकीवर उभा राहून म्हणतो, "मॅडम, लवकर बघा ना, गाडी चुकीच्या जागी लावलीय."

आताची बाळं दगडू नसतात. ती कियांश असतात. कियांशचं इंग्रजी स्पेलिंग ठरवताना आजी, आत्या आणि अंकशास्त्राचे एक जाणकार असे तिघे खिडकीशी येतात, बाप लांब उभा राहून फोनवर बोलतो. जाणकारांच्या मते शेवटी एक जादा 'एच' घातला तर मुलगा परदेशात जाईल. घातला. पुढच्या आठवड्यात तोच 'एच' काढायचा अर्ज घेऊन आजी हजर, मुलगा परदेशात गेला तर आपल्याकडे कोण बघणार?

माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे पहिलटकरणीचा नवरा. बायकोचं बाळंतपण माहेरी झालेलं असतं, नोंद तिकडच्या गावी झालेली असते, कारण कायद्याने जन्म जिथे झाला तिथेच नोंद व्हायची. हे त्याला पटत नाही. असे एक गृहस्थ परवा काचेवर बोटं आपटून ओरडले, "आम्ही इथे टॅक्स भरतो!"

मी मान वर केली. त्यांनी मला ओळखलं. मीही त्यांना ओळखलं; चपलांचे पाच जोड, तपकिरी कुत्रं. मी फक्त एवढंच विचारलं, "दोन्ही सहामाह्या?" रांग गप्प. गृहस्थ "बघतो, सासऱ्यांना फोन करतो," म्हणत जिना उतरले. खाली करखिडकीवर थांबले असते तर तिथल्या लोकांना आनंदच झाला असता, पण ते थेट गाडीकडे गेले म्हणे.

विभाग बदलला की माणूस नवा होतो, अशी माझी समजूत होती. शहराची नव्हती. वरचे सहकारी सोसायटीचं बिल घेऊन येतात, 'मॅडम, तुमच्या लोकांना सांगून जरा कमी होतं का बघा.' तुमचे लोक म्हणजे तळमजला. खालच्यांना मी 'वरच्या मॅडम'.

मृत्यूच्या खिडकीवर मात्र विनोद सुचत नाही. लोक हळू बोलतात आणि प्रती भरपूर मागतात: बँक, विमा, पेन्शन, वीजमंडळ. मग घर नावावर करायला जिना उतरून तळमजल्यावर जातात, आणि तिथे आधी थकबाकी भरायला सांगतात. माणूस जातो, थकबाकी राहते. असं काही दिसलं की मी आमच्या हेडक्लार्कना फोन करते, की अमुक जण येताहेत, दुःखात आहेत, जरा खुर्ची द्या. माझी जुनी देतात. तिला झोल आहे हे ते सांगत नाहीत.

तर वाचकहो, जाता जाता कामाचं. बाळ दवाखान्यात झालं असेल तर नोंदीची माहिती दवाखानाच पाठवतो. घरी झालं असेल तर ती 21 दिवसांत द्यायची तुमची जबाबदारी. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे, त्यामुळे आळस नको. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव मागाहून घालता येतं. पण येताना स्पेलिंगचं भांडण घरी संपवून या. आमच्या खिडकीशी एका वेळी एकच आत्या मावते.