घरच्या घरी इंजिनबदल : जाम झालेल्या मारुती ८०० साठी

मारुती ८०० चे इंजिन जाम होणे म्हणजे तिच्या तीन पिस्टनपैकी एखादा, किंवा खालचा क्रँक, जागच्या जागी अडकून बसणे. किल्ली फिरवली की 'टक्' असा एकच आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. यानंतर घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्ती एकेकदा किल्ली फिरवून पाहते. या चाचणीतून इंजिनाबद्दल काहीही कळत नाही. बॅटरी मात्र उतरते, आणि मूळ दोष बॅटरीचाच होता असे म्हणणारा एक पक्ष घरात तयार होतो.

जाम होण्याची कारणे मोजकी आहेत. तेल संपले की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पातळ थर नाहीसा होतो व धातू धातूला चिकटतो. रेडिएटरमधले पाणी संपले की पिस्टन तापून फुगतो आणि बोअरमधली केसाएवढी फट बुजते. तिसरे कारण पाणी शिरणे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या गाड्या पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह अनेकांना झाला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे अशा वेळी वाकतो तो कनेक्टिंग रॉड. चौथे कारण सर्वांत संथ आहे. मुलगा परदेशातून परत आला की चालवेल म्हणून गाडी कव्हरखाली जपून ठेवली जाते आणि आतल्या रिंगा गंजून बोअरला धरतात. मुलगा येतो, पंधरा दिवस टॅक्सीने फिरतो आणि जातो.

निदान पक्के केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे आधी पाहावे; हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते अनुभवी मिस्त्रीही मनात म्हणतात. मग पट्टा काढावा, कारण कधी कधी इंजिन निर्दोष असते आणि जाम झालेला असतो तो अल्टरनेटर. तिन्ही प्लग काढून क्रँकपुलीच्या बोल्टला बॉक्स पाना लावावा व हाताने फिरवून बघावे. हलत नसेल तर प्लगच्या भोकांतून थोडे डिझेल आणि तेल सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी. गंजाने धरलेले इंजिन अशाने पुष्कळदा सुटते. तेलाअभावी धरलेले सुटत नाही, आणि सुटले तरी त्याचा उपयोग नसतो.

यापुढे आर्थिक बाजू येते. ८०० ची विक्री डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी कधीच उलटून गेली आहे. अशा गाडीला बाजारात मिळणारी किंमत आणि इंजिनबदलाचा एकूण खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले, तर काम तिथेच थांबते. म्हणून ते एका कागदावर लिहू नयेत. 'आजोबांची गाडी आहे' हे कारण पुरेसे मानावे. आरसी बुकही आजोबांच्याच नावावर असते, याचा विचार या टप्प्यावर सहसा कोणी करत नाही.

दुसरे इंजिन भंगारवाल्याकडून घ्यायचे असते. मुंबईकर त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतात. विक्रीला असलेले प्रत्येक इंजिन एका डॉक्टरच्या गाडीतून निघालेले असते, व तो डॉक्टर फक्त घर ते दवाखाना एवढेच गाडी चालवत असे. डॉक्टरांची ही संख्या खरी मानली, तर या देशात रुग्णाला रांगेत बसण्याची वेळच यायला नको. विक्रेत्याचे ऐकावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर तेलात पाणी मिसळले आहे, हेड गास्केट गेले आहे, असे समजावे. कॉम्प्रेशन मोजता आले तर तिन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एकाचा फार कमी असल्यास पुढच्या दुकानात जावे. ओम्नीचे इंजिनही ७९६ सीसीचेच, पण तिथे ते पुढच्या सीटखाली लांबीत बसते, ८०० मध्ये बॉनेटखाली आडवे. त्यामुळे 'तेच आहे साहेब' या आश्वासनावर जोडणीचे भाग पडताळून घ्यावेत. कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्शनचे इंजिन घालण्याची सूचना करणारा भाचा प्रत्येक कुटुंबात असतो. त्याला चहा आणायला पाठवावे. इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल मात्र विसरू नये.

जागा म्हणून सोसायटीचे पार्किंग वापरले जाते. सेक्रेटरींना 'दोन दिवसांचे काम' असे सांगण्याचा प्रघात आहे. वर चेनपुली टांगण्यासाठी भक्कम तुळई किंवा लोखंडी तिपाई लागते. आंब्याच्या फांदीचा मोह टाळावा, कारण फांदीची ताकद कोणीच मोजलेली नसते. काम सुरू होताच निवृत्त शेजारी खुर्ची घेऊन बसतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या या मंडळींचे म्हणणे बहुधा बरोबर असते; फक्त तिघांचे तीन प्रकारे बरोबर असते.

उतरवण्याचा क्रम असा. बॅटरीची निगेटिव्ह तार प्रथम काढावी. बिजागरीभोवती खूण करून बॉनेट उतरवावे, म्हणजे बसवताना फट समान येते. पाणी, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल तिन्ही काढून घ्यावीत. गिअर ऑइल राहिले तर ड्राइव्ह शाफ्ट ओढताक्षणी ते खाली झोपलेल्याच्या तोंडावर येते, आणि त्याचा वास आंघोळीला दाद देत नाही. मग एअर फिल्टर, ॲक्सिलरेटर व चोकच्या केबली, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, स्टार्टरच्या तारा, पेट्रोलचे पाइप, गिअरचा दांडा आणि सायलेन्सरचा जोड सोडवावा. कार्बोरेटरभोवती बारीक रबरी नळ्यांचे जाळे असते. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून ती कुठली हे लिहावे. 'हीच ती' एवढेच लिहिलेल्या पट्ट्या नंतर कामाच्या नसतात. माउंटिंगचे बोल्ट शेवटी काढावेत, चेन ताणून धरल्यावर. आधी काढले तर इंजिन स्वतःच उतरते.

इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून टाकावेत. या वस्तूंवर वाचवलेले पैसे सहा महिन्यांत दुसऱ्यांदा इंजिन उतरवून फेडावे लागतात. क्लच प्लेट मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्स आत जात नाही, कितीही जणांनी ढकलले तरी. त्यासाठी जाडीचा अंदाज घेऊन लाकडी दांडी वापरतात. या सुमारास स्वयंपाकघरातले लाटणे दिसेनासे झाल्यास शोध पार्किंगपासून सुरू करावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिले इंजिन कशाने गेले ते कारण गाडीतच शिल्लक असते. चोंदलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा, फुगलेला होज पाइप तसाच ठेवला, तर नवे इंजिन जुन्याच वाटेने जाते. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा गॅरेजी सल्ला मानू नये. त्याने इंजिन गार राहते खरे, पण नको तितके गार राहते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते.

बसवण्याचा क्रम उतरवण्याच्या उलट, असे सर्व पुस्तके एका ओळीत सांगतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. प्रत्यक्षात याच ओळीत दोन रविवार आणि एक जोडून आलेली सुट्टी जाते. खंडेनवमीला पान्यांची पूजा करणाऱ्या घरात ते पाने वर्षभर कुठे असतात हे कोणालाच ठाऊक नसते, हे त्याचे एक कारण.

सुरू करण्यापूर्वी कॉइलची तार काढून स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवावा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग तार जोडावी. प्लगच्या तारांचा क्रम १-३-२ आहे. चुकल्यास कार्बोरेटरमधून फटाका वाजतो आणि खुर्चीवरचे शेजारी उठून उभे राहतात. नारळ फोडायचा असेल तर गाडीच्या पुढे फोडावा, बॉनेटवर नव्हे. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून हवा निघून जाऊ द्यावी, पाणी भरत राहावे आणि खाली कागद पसरून गळती पाहावी. इंजिन नव्याने बोअर केलेले असेल तर पहिले हजार किलोमीटर गाडी ताणू नये व त्यानंतर तेल बदलावे.

गाडी सुरू झाली तरी ती कागदोपत्री जुन्याच इंजिनावर चालत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवावा लागतो, नाहीतर दाव्याच्या वेळी तो नंबर कंपनीच शोधून काढते. इथे आजोबांचा मुद्दा परत येतो. अर्जावर मालकाची सही लागते, त्यामुळे आधी वारसाच्या नावे गाडी करून घ्यावी, त्यासाठी बहीण-भावंडांची संमती मिळवावी आणि मग इंजिनाचा अर्ज द्यावा. संपूर्ण कामातला सर्वांत जड भाग हाच, आणि त्याला चेनपुली लागत नाही.

जुने इंजिन भंगारवाला वजनावर घेतो. कुटुंबे ते सहसा देत नाहीत. कार्बोरेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर 'कधीतरी कामाला येतील' म्हणून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून जिन्याखाली ठेवले जाते. सेक्रेटरींची पहिली नोटीस साधारण पावसाळ्यानंतर येते.