अक्कल गुडघ्यात

एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असं म्हणताना आपल्या मनात कौतुक नसतं. रातकिड्याच्या मादीला मात्र हे सरळ वर्णन म्हणून लागू पडतं. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या जरा खाली असतात आणि वरसंशोधनातली निम्मी अक्कल तिथेच नांदते.

रात्रभर आपली झोप मोडणारी किरकिर नराची. पंखावर पंख घासून तो कळवत असतो, मी इथे आहे. 'इथे' म्हणजे कुठे, हे शोधायचं काम मादीकडे. आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पोचतो, यावरून माणसाला दिशा कळते. हिचे कान इतके जवळजवळ, की फरक तो काय पडणार! तो टिपायला भलामोठा मेंदू बाळगायचा, तर ठेवायचा कुठे?

तिने (उत्क्रांतीने म्हणा, पण शाबासकी द्यायला समोर कुणीतरी लागतं) वेगळीच सोय केली आहे. दोन्ही पायांतले कान शरीरातल्या हवेच्या नळीने एकमेकांना जोडलेले. त्यामुळे पडद्यावर आवाज बाहेरून येतो तसा आतूनही येतो आणि नराच्या बाजूचा पडदा जास्त थरथरतो. ही जुळणी बसते ती स्वजातीच्या नराच्या पट्टीतच. पट्टी बदलली की दिशा चुकते. 'आपल्यातला आहे का?' आणि 'राहतो कुठे?' हे स्थळाविषयीचे दोन्ही प्रश्न मेंदूकडे जाण्याआधीच पायात बरेचसे सुटलेले असतात.

१९९० च्या दशकात बार्बरा वेब या शास्त्रज्ञ बाईंनी असेच कान लावलेला चाकांचा रोबो बनवला. त्याला नकाशा नाही, हिशेब नाही; ज्या बाजूचा कान चाळवेल तिकडे वळायचं, एवढंच ठाऊक. तो हेलकावे खात स्पीकरपाशी पोचला. दोन स्पीकर लावले, तर मधे घुटमळत न बसता एकाची वाट धरली. निवड कशी करायची, हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं. उपवर मुलांच्या आयांनी यावर विचार करावा.

कीटकांचं ठीक आहे, आपलं सगळं डोक्यात असतं, असं वाटत असेल तर रोज नऊवारी नेसणाऱ्या बाईंना हात मांडीवर ठेवून कासोटा कसा घालायचा ते सांगायला लावा. दुसऱ्या वाक्याला हात उठतात आणि हवेत निऱ्या पडू लागतात. माहिती होती, फक्त ती जिभेपाशी राहत नव्हती.

बरं, रातकिड्यांच्या या कामात शरीराबाहेरची हवाही भाग घेते. अमेरिकेतल्या एमॉस डॉलबेअर यांनी १८९७ मध्ये किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्र दिलं, कारण उकाडा वाढला की गाणं द्रुत होतं. पण मग मादीने ते ओळखायचं कसं? काही जातींत तिची आवडही तिच्या अंगातल्या उबेबरोबर द्रुत होते. दोघं एकाच हवेत असली की जमतं. तो गार भिंतीपाशी विलंबित लावून बसलेला आणि ही चुलीमागे, असं असेल तर मात्र चांगलं स्थळ हातचं जातं.