मलूल माशाचे निदान

आयुर्वेदाने रोग्याच्या परीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन साधने सांगितली आहेत; परंतु रोगी जेव्हा दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत राहणारा दीड इंचाचा मासा असतो, तेव्हा या तिन्हींपैकी दोन साधने पहिल्याच पायरीवर गळून पडतात. स्पर्शन करावे, तर माशाला जंतूंपासून वाचवणारा अंगावरचा बुळबुळीत थरच हाताला लागून निघतो आणि नसलेला रोग परीक्षेमुळे जडतो. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर माशाच्या स्पर्शनपरीक्षेची परंपरा अत्यंत समृद्ध आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहणे, अंगठ्याने पाठ दाबणे आणि डोळ्याची चमक जोखणे यांत तेथील गृहिणींचा हात कोणी धरू शकत नाही. मात्र या शास्त्राला रोगी आधी मेलेला असणे आवश्यक असल्यामुळे प्रस्तुत विषयात त्याचा उपयोग मर्यादित आहे. प्रश्नपरीक्षेविषयी बोलायचे, तर मासा दिवसभर तोंड उघडतो आणि मिटतो, पण त्यातून जबाब असा काही निघत नाही. उरते ते दर्शन. आणि तेही घरातील सर्व मंडळी एकाच वेळी काचेला नाक लावून करीत असल्यामुळे आजारी आणि ठणठणीत असे सगळेच मासे घाबरून पानांमागे जाऊन बसतात, आणि मुळात रोगी कोणता हेच ठरवणे कठीण होते.

ज्या टाकीत प्लास्टिकची नव्हे तर खरी पाणवनस्पती लावलेली असते आणि निरनिराळ्या जातींचे, एकमेकांना सहसा न खाणारे मासे एकत्र ठेवलेले असतात, तिला या छंदातील लोक ‘प्लांटेड कम्युनिटी टँक’ म्हणतात. तिचा कारभार सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखा चालतो: पाणी सर्वांना एकच, तक्रारी प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि एखादा एंजल मासा कोणीही न निवडता अध्यक्ष झालेला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या निऑन टेट्राला मृदू, म्हणजे क्षार कमी असलेले, आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, तर गप्पीला क्षारयुक्त, जड पाणी लागते. तरीही दोघे एकाच पिशवीतून घरी येतात, कारण खरेदीच्या वेळी पाण्याच्या प्रकृतीपेक्षा मुलांच्या हट्टाला अधिक वजन असते. गप्पीची गोष्ट तर विशेष विचार करण्यासारखी आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याने विहिरीत, हौदात आणि साचलेल्या डबक्यांत सोडलेला हा सरकारी नोकरीतला मासा तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाढतो. आणि तोच मासा आयात केलेली माती, विलायती दिवे आणि आम्लधर्मी पाणी असलेल्या टाकीत आणला, की पंख आखडून जागच्या जागी थरथरू लागतो. गृहस्थाला यात कृतघ्नता दिसते. वास्तविक ती क्षारांची कमतरता असते.

मलूल कोणास म्हणावे, हा निदानशास्त्रातील पहिला प्रश्न होय, आणि बहुसंख्य चुका येथेच होतात. 1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात ज्यांनी लहानपणी माशांची पहिली ओळख करून घेतली, त्या पिढ्यांची अशी समजूत आहे की मासा म्हणजे सतत पोहणारी वस्तू, आणि तो थांबला की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात कोरिडोरस नावाचा मिशाळ मासा तळावर बसून राहतो, कारण तळ हाच त्याचा प्रांत आहे. बेट्टा, ज्याला बाजारात ‘फायटर’ म्हणतात, तो रुंद पानावर अंग टाकून पडतो. आणि नारंगी-काळ्या पट्ट्यांचा क्लाउन लोच तर चक्क एका कुशीवर आडवा होऊन झोपतो, ज्यामुळे त्याचे दहनविधी ठरत असतानाच तो उठून जेवायला येतो. माशांना पापण्या नसल्यामुळे झोपलेला मासा आणि विचारमग्न मासा यांतला फरक डोळ्यांवरून कळत नाही. शिवाय निऑन टेट्रा रात्री आपला निळा-लाल रंग फिका करतो, म्हणून जे लोक मध्यरात्री पाणी प्यायला उठून टाकीचा दिवा लावतात, त्यांना आपल्या सर्व निऑनांना एकाच वेळी पंडुरोग झाल्याचा साक्षात्कार होतो आणि घरातील बाकीच्यांचीही झोप संपते.

हे सर्व वगळूनही एखादा मासा कालपर्यंत कळपात होता आणि आज एकटा कोपऱ्यात आहे, अन्न समोरून गेले तरी वळून पाहत नाही आणि पंख अंगाशी घट्ट मिटून बसला आहे असे दिसले, तर तो खरोखर मलूल आहे असे समजण्यास हरकत नाही. अशा वेळी निरीक्षणासाठी सर्वांत उपयुक्त जागा म्हणजे कल्ल्याची झडप. तिची उघडझाप संथ आणि एका लयीत चालली असेल तर काळजीला सवड असते. ती धापा टाकल्यासारखी जलद असेल, किंवा एकच कल्ला हलत असेल आणि दुसरा बंद असेल, तर दोष श्वसनात आहे. त्यानंतर मासा कोठे थांबला आहे ते पाहावे. पृष्ठभागाशी तोंड लावून असेल तर त्याला प्राणवायू हवा आहे, फिल्टरच्या पाण्याच्या झोतासमोर असेल तरी तेच. तळाच्या कोपऱ्यात झाडामागे असेल तर बहुधा भीती, आणि तिच्या जोडीला शेपटीचा काठ कुरतडल्यासारखा दिसत असेल तर गुन्हेगार त्याच टाकीत निवांत पोहत असतो.

यापुढचा तपास माशाला सोडून पाण्याकडे वळतो, आणि या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे की दहापैकी बहुतेक वेळा आजारी असते ते पाणी, मासा केवळ त्याचे लक्षण असतो. मासे कल्ल्यांवाटे आणि मलमूत्रावाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि न खाल्लेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. हा विषारी पदार्थ फिल्टरच्या स्पंजात वसती करणारे काही जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात, जे पुढे वनस्पती खतासारखे वापरतात. ही वसाहत उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला जाणकार ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात आणि गृहस्थ ‘टाकी रिकामी का ठेवायची?’ असे म्हणून पहिल्याच संध्याकाळी डझनभर मासे आणतो. ज्याने हा काळ धीराने काढला, तोही पुढे एखाद्या रविवारी स्वच्छतेच्या भरात फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली, क्लोरीनयुक्त पाण्यात, चोळून चोळून धुतो. स्पंज नव्यासारखा पांढरा होतो, जिवाणूंचा निर्वंश होतो, आणि सोमवारी मासे मलूल होतात. ‘कालच तर सगळे लख्ख केले होते’, हे वाक्य निदानकर्त्याच्या कानी पडले की पुढील चौकशीची गरज सहसा राहत नाही. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलका पिळणे एवढीच त्याची खरी स्वच्छता असते, पण हे पाणी गढूळ असल्यामुळे घरातील ज्येष्ठांना ती पटत नाही.

अमोनियाचा आणखी एक गुण असा की त्याचे विषारीपण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर, अवलंबून असते. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच घातक रूपात असतो; सामू 8 झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे बोअरच्या जड आणि बहुधा अल्कधर्मी पाण्यावर चालणाऱ्या टाकीत जेवढ्या अमोनियाने मासे आडवे होतात, तेवढ्याने तलावाच्या मृदू पाण्यातले मासे कदाचित नुसती नाराजी व्यक्त करतील.

वनस्पती लावलेल्या टाकीत एक गुंतागुंत अधिक असते, आणि तेथे निदानाला घड्याळ फार उपयोगी पडते. उजेड असेपर्यंत वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेऊन प्राणवायू सोडतात. दिवा मालवला की त्याही माशांप्रमाणे प्राणवायू नुसता वापरतात. म्हणून जो मासा पहाटे पृष्ठभागाशी धापा टाकतो आणि दुपारी हुशार होतो, त्याला रात्री प्राणवायू अपुरा पडतो असे समजावे आणि रात्रीचा एअर पंप लावावा. उलट, जो सकाळी बरा असतो आणि दुपारनंतर मलूल होतो, त्याच्या टाकीत वनस्पतींसाठी सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड जास्त होत असण्याचा संभव असतो. या वायूचे प्रमाण दाखवणारी एक काचेची कुपी टाकीत चिकटवलेली असते. तिच्यातील द्रव निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर योग्य, आणि पिवळा झाला तर माशांचा जीव गुदमरतो. ही कुपी पिवळी असल्याचे कित्येकांना ठाऊक असते, पण त्या दिवसांत झाडे फार सुंदर वाढत असतात. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत पाणी 30 अंशांवर गेले, की 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू साडेसातवर येतो, माशाची गरज मात्र उष्णतेने वाढते, आणि नेमके तेव्हाच वीज जाऊन फिल्टर बंद पडतो.

पाण्याची चाचणी निर्दोष आली, तर प्रश्नपरीक्षेचे पुनरुज्जीवन करावे लागते. फक्त प्रश्न माशाला न विचारता घरातील मंडळींना विचारायचे असतात. या जबान्यांतून असे निष्पन्न होते की आजोबा सकाळी फिरून आल्यावर चिमूटभर अन्न घालतात, सूनबाई दुपारी मासे ‘आशेने बघतात’ म्हणून घालतात, नात शाळेतून आल्यावर घालते, आणि रात्री घरी परतणारा कर्ता पुरुष, दिवसभर कोणीही लक्ष दिले नसणार अशा खात्रीने, चौथ्यांदा घालतो. प्रत्येकाची चिमूट वेगळी असून आजोबांची सर्वांत उदार असते. एका आहाराला माशाच्या डोळ्याएवढे अन्न पुरे, असा शौकिनांचा ढोबळ हिशेब आहे. पोट फुगलेल्या, शेपटीमागे दोरा ओढत हिंडणाऱ्या माशाला दोन दिवस लंघन आणि त्यानंतर सोललेल्या उकडलेल्या मटाराचा कण, हा उपचार अनेकदा लागू पडतो. निरोगी टाकीलाही आठवड्यातून एक दिवस उपास चांगला मानवतो, आणि तो खरा उपास असतो, कारण त्यात साबुदाण्याची खिचडी नसते. याच चौकशीत हेही उघड होते की खोलीत डासांचा फवारा मारला होता. अशा फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा इमानेइतबारे पाण्यात नेऊन सोडतो. एखादे वेळी तपासाचा शेवट गोडही होतो: पोटाशी काळसर डाग गडद झालेली, झाडांत लपणारी मलूल गप्पी मादी दुसऱ्या दिवशी वीसएक पिल्लांची आई झालेली आढळते, आणि त्यांतली निम्मी पिल्ले संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांनी खाल्लेली असतात.

निदानाआधी औषध घालण्याची प्रथा मात्र सर्वत्र दृढ आहे. दुकानदार निळी बाटली देतो, शेजारी जाडे मीठ सुचवतात, आणि दोन्ही एकदमच पडतात. बाटलीतील मिथिलीन ब्लू काही बुरशीजन्य विकारांवर उपयोगी असले, तरी ते फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंना बाधते आणि काचा जोडणाऱ्या सिलिकॉनला कायमचे निळे करते. मिठाने नाजूक वनस्पती कुजतात. तांबेयुक्त औषधांनी कोळंबी आणि गोगलगायी मरतात. अंगावर साखरेच्या कणांसारखे ठिपके असतील तर तो ‘व्हाइट स्पॉट’ नावाचा परजीवीजन्य रोग होय. त्यावरचे औषध परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडते, म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवावे लागतात. ठिपके नसताना हेच औषध घातले, तर मासा मूळ कारणाने नव्हे तर उपचाराने जातो. अशा प्रसंगी वास्तुशास्त्राचा आधार घेतला जातो: माशाने घरावरचे संकट स्वतःवर ओढून घेतले, असे सांगतात. हा सिद्धान्त सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही, कारण घरात एक संकट होते आणि ते माशावरच येऊन पडले होते. फक्त त्याच्या हातात निळी बाटली होती.

खरा प्रथमोपचार अगदीच निरस असल्यामुळे तो लोकप्रिय नाही. टाकीतील पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलावे, नवे पाणी त्याच तापमानाचे आणि क्लोरीन मारणारे अँटीक्लोर घातलेले असावे, दिवा आणि कार्बन डायऑक्साइड दिवसभर बंद ठेवावेत, अन्न थांबवावे, आणि काचेपासून नाक दूर घ्यावे. दोन-तीन वर्षांची गप्पी किंवा तेवढाच बेट्टा यानंतरही पानावर पडून राहिला, तर त्यास वार्धक्य म्हणतात आणि त्यावर औषध नाही.

एवढे करूनही मासा सुधारला नाही, की घरातील कोणी दयाळू व्यक्ती त्याला नदीत किंवा गावच्या विहिरीत ‘मोकळे’ सोडण्याची सूचना करते. आजारी मासा आपले परजीवी तेथल्या माशांना देऊन मरतो. आणि जो मरत नाही, तो शोभेच्या टाक्यांतलाच सकर मासा, भारतातील अनेक जलाशयांत असाच पोहोचून, किनाऱ्यात बिळे करून आणि कोळ्यांची जाळी फाडून आज ठाण मांडून बसला आहे. टाकी नकोशी झाली असेल, तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला परत द्यावेत. नदी मात्र कोणत्याही परिस्थितीत त्यांना दाखवू नये, ही वाचकांना विनंती.